सावळीला काटा येतो

प्रांजल कटकधोंडच्या कारखान्यात वास येत नसे. पाहुणे आले की ती त्यांना दारातच थांबवायची आणि म्हणायची, "एक मोठा श्वास घ्या." पाहुणे श्वास घेत. फार तर कोमट दुधासारखं काहीतरी नाकाला जाणवे. मग ती सांगे, "हा चामड्याचा कारखाना आहे."

कक्कय्यानगर ही सोलापूरच्या कडेची ढोर समाजाची वस्ती. तिथल्या कितीतरी पिढ्यांनी मेलेल्या जनावरांची कातडी कमावली होती आणि शहरानं त्यांना त्या वासावरूनच ओळखलं होतं. प्रांजल शाळेत होती तेव्हा वस्तीचा थांबा जवळ आला की सिटी बसच्या खिडक्या पटापट लागत. तोवर वस्तीतली चामडं कमावायची टॅनरी बंद पडली होती, वासही गेला होता. खिडक्या मात्र लागतच राहिल्या.

अशा वस्त्यांतल्या तरुणांनी नोकरीच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा स्वतःचा उद्योग काढावा म्हणून 'अंकुर' नावाची एक संस्था ठिकठिकाणी केंद्रं उघडत होती. कक्कय्यानगरच्या केंद्राच्या प्रमुख देवयानी खरे पहिल्याच बैठकीत म्हणाल्या, "तुमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान आहे. त्यातली लाज तेवढी काढून टाका. जे उरेल तो तुमचा धंदा."

प्रांजलच्या मनात ते वाक्य रुतून बसलं. ती जीवतंत्रज्ञान शिकली होती. तिचा वर्गमित्र विरेश पोळ पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याचं काम करत होता. तिनं त्याला परत बोलावून घेतलं. दोघांचं लग्न ठरलेलंच होतं. आता धंदाही एकत्र ठरला.

कल्पना साधी होती. म्हशीच्या कानाच्या पाळीतून तिळाएवढा तुकडा घ्यायचा. त्यातल्या पेशी उथळ हौदातल्या कोमट, पौष्टिक द्रवात चौकटीला बांधलेल्या जाळीवर पसरल्या की वाढू लागतात आणि वाढताना स्वतःभोवती कोलॅजनचे धागे विणत जातात. चामडं म्हणजे मुख्यतः हे धागेच. चौकट रोज थोडी थोडी ताणली की धागे एका दिशेला बसतात आणि कातडी चिवट होते. काही आठवड्यांत खाटेएवढी कातडी तयार. मग ती चौकटीवरून सोडवायची आणि बाभळीची साल नि हिरडा घातलेल्या पाण्यात कमवायची, वस्तीत पूर्वी कमवत तशीच. ना जनावर मेलेलं, ना मारलेलं.

अडचण एकच होती, रंगाची. ही कातडी पिठासारखी फिकी निघायची. वरून रंग द्यायचा तर रसायनांचं पाणी सोडायचं कुठे, हा प्रश्न. त्यावर विरेशनं उपाय शोधला. गर्भ वाढत असताना पाठीच्या कण्याच्या जागेवरून काही पेशी निघतात आणि शरीरभर प्रवास करतात. त्यांतल्या काही कातडीत मुक्काम करून तिला रंग देतात. विरेशनं म्हशीच्या अशा मूळ पेशी मिळवल्या आणि जाळीवर सोडल्या. या खेपेला चौकटीवर जी कातडी आली ती काळीभोर होती. उन्हात धरली की निळसर झाक मारायची, आणि तिच्यावर बारीक, मऊ लव होती.

प्रांजलनं तिचं नाव ठेवलं सावळी.

या प्रवासी पेशी नुसता रंगच तयार करतात असं नाही, हे विरेशला ठाऊक होतं. तेव्हा ते महत्त्वाचं वाटलं नव्हतं, इतकंच.

सावळीचे नमुने परदेशी गेले आणि पिशव्या बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीनं वर्षभराची मागणी नोंदवली. वस्तीतली वीस-बावीस मुलं-मुली कामाला लागली. त्यांत करिश्मा शिंदे होती. ती आणि तिची आई तोवर सात रस्त्याच्या बंगल्यांमधून भांडी घासत होत्या. आता करिश्मा पांढरा कोट घालून हौदांचं तापमान बघायची, आणि बंगल्यातल्या बाईंनी एकदा फोन केला तर "मीटिंगमध्ये आहे" म्हणाली होती. त्यावर सगळे दिवसभर हसत होते.

प्रांजलचे वडील, सिद्रामअण्णा, हेही कामावर होते. तरुणपणी ते टॅनरीत कामाला होते. तिथंच हौदात पडून त्यांचा एक पाय मोडला होता, तेव्हापासून ते तो ओढत चालत. इथं त्यांच्याकडे कातडी चौकटीवरून सोडवायचं काम होतं. रापीच्या रुंद पात्यानं कडा कापत जायचं आणि कातडी अलगद उचलायची. इतक्या सफाईनं ते दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं.

एका दुपारी अण्णांनी तिला हाक मारली.

"प्रांजू, हिकडं ये जरा. ही मोटर बंद कर."

"का? काय झालं?"

"कर तर."

तिनं मोटर बंद केली. शेडमधली घरघर थांबली. वरच्या पत्र्यांच्या फटींतून ऊन चौकटींवर पडलं होतं. अण्णांनी रापीचं टोक सावळीच्या कडेला टेकवलं, नुसतं टेकवलं. टोकाभोवतीची लव उभी राहिली. बारीक बारीक दाणे फुगून आले आणि तो पट्टा हळूहळू पसरत कातडीच्या मध्यापर्यंत गेला. अण्णांनी रापी उचलली. थोड्या वेळानं लव परत निजली.

प्रांजल बघत राहिली. तिच्या डोक्यात एकच शब्द आला, आणि तो इतका घरगुती होता की तो इथं का यावा हे तिला कळेना. काटा. कातडीच्या अंगावर काटा आला होता. पण अंग तर नव्हतंच.

"मला वाटलं मोटरीनं थरथरतीय," अण्णा म्हणाले. "पण मोटर बंद आहे."

विरेशनं सावळीचा एक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि बराच वेळ डोळा काढला नाही. मग बाजूला होऊन तो म्हणाला, "बघ."

काळ्या रंगपेशींच्या मधून पांढरट धागे गेलेले होते. झाडाच्या मुळांसारखे फाटे फुटत ते एकेका केसाच्या मुळाशी पोचले होते.

"मज्जातंतू आहेत," विरेश म्हणाला. "त्या प्रवासी पेशींतल्या काही रंग बनवतात, काही स्पर्श कळणारे तंतू. केसाच्या मुळाशी इवलासा स्नायू असतो, तो आवळला की केस उभा राहतो. सगळं जोडलं गेलंय आपोआप."

"म्हणजे तिला दुखतं?"

"तिला म्हणजे कुणाला? मेंदू कुठाय? दुखायला दुखणारं कुणीतरी लागतं ना. झोपलेल्या माणसाच्या तळव्याला काडी लावली की पाय हलतो, तसलं आहे हे. कुणी नाहीये तिथं, प्रांजल."

तिला ते पटलं. पटायला हवंच होतं, कारण बाहेर करिश्मा पहिल्या मोठ्या खेपेसाठी खोके बांधत होती.

पुढचे काही दिवस तिनं कापणीच्या वेळी शेडमध्ये जायचं टाळलं. मग एकदा जावं लागलं. अण्णा पहिल्या चौकटीवर काम करत होते. रापी फिरत होती, कातडीवर काटा होता, त्याची आता सवय झाली होती. पण अण्णांचं लक्ष हातातल्या कातडीवर नव्हतं. ते पुढं बघत होते. पहिल्या चौकटीच्या पलीकडची दुसरी शहारली होती. मग तिसरी. जोंधळ्याच्या रानावरून वारा जावा तशी उभ्या लवेची लाट एकामागून एक चौकटींवरून शेडच्या टोकापर्यंत गेली. त्यांना कुणी हात लावला नव्हता.

विरेशनं याचंही कारण शोधलं. सगळ्या हौदांतून एकच द्रव नळ्यांनी फिरत होता. घाबरल्यावर छातीत धडधड करवणारं जे रसायन शरीर सोडतं, ते तयार करणाऱ्या पेशीही त्या प्रवासी पेशींपासूनच बनतात. एक कातडी कापली की ते रसायन द्रवात उतरतं आणि बाकीच्यांपर्यंत पोचतं.

"घाबरल्यावर," प्रांजल म्हणाली.

"शब्द आहे तो नुसता. रसायन आहे."

"शब्द तूच वापरलास."

त्यानंतर जे झालं त्याला रसायनाचं कारण पुरेना. अण्णा आत यायच्या आधीच कातड्या शहारू लागल्या. दार उघडलेलं नसायचं, रापी बाहेर टेबलावर असायची, आणि शेडभर लव उभी. सगळ्यांना आधी वाटलं की कापलेल्या कातड्या न्यायला अण्णा आणत त्या ढकलगाडीच्या चाकांचा हादरा लागत असेल. प्रांजलनं तीच गाडी करिश्माला आत ढकलायला लावली. काही झालं नाही. करिश्मा रोज कोमट द्रव घालायला येई, तिच्या पावलांना कातड्या सपाट, शांत पडून राहत. मग प्रांजलनं अण्णांना रिकाम्या हातानं यायला सांगितलं.

अण्णा आले. एक पाऊल टेकत, एक ओढत. फरशीतून तो हादरा चौकटींच्या पायांत गेला आणि शेडमधली प्रत्येक कातडी काट्यानं भरून आली.

मेंदू नसतानाही मज्जातंतूंचं जाळं शिकू शकतं, असं विरेशनं नंतर वाचून सांगितलं. ठरावीक हादऱ्यानंतर दर वेळी शेजारची कातडी कापली जाते आणि ते रसायन द्रवातून येतं, तर जाळं तो हादरा लक्षात ठेवतं. तो सांगत होता तेव्हा अण्णा तिथंच उभे होते.

"मला ओळखत्यात," ते म्हणाले.

त्यांनी चपला काढून बाहेर ठेवल्या आणि अनवाणी आत आले. लव उभीच. मग ते भिंतीला धरून चवड्यांवर चालू लागले. मोडलेला पाय त्यांना नीट उचलता येत नव्हता, कपाळावर घाम आला होता, तरी ते एकेक पाऊल अलगद ठेवत पहिल्या चौकटीपर्यंत गेले. कातडी काट्यानं अशी फुलली होती की दाणे लांबूनही दिसत होते. अण्णांनी तिच्यावर हात ठेवला नाही. आल्या वाटेनं तसेच परत गेले आणि घरी निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत.

देवयानीमॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांनी कायदा दाखवला. मेंदू नसलेल्या पेशीसमूहाला कायद्यात कच्चा माल म्हणतात. पण त्या काही निर्दय बाई नव्हत्या. "तुला त्रास होतोय हे दिसतंय मला," त्या म्हणाल्या. "म्हणून उपाय करू. दात काढताना डॉक्टर बधिर करतात की नाही? तेच औषध द्रवात सोडा. पण मागणी सोडू नकोस, प्रांजल. एवढ्या मुलांना तू उभं केलंयस. दुसऱ्या वस्तीतली मुलं तुझ्याकडे बघून केंद्रात येतात."

विरेशनं बधिर करणारा पंप बसवला. पंप चालू करायचा, थोडं थांबायचं, मग कापायचं. अण्णांच्या जागी आता कापणीचं यंत्र आलं होतं. पहिल्या दिवशी यंत्राचं पातं सरळ कातडीतून गेलं आणि एकही केस हलला नाही. करिश्मानं टाळ्या वाजवल्या. विरेशनं प्रांजलचा हात धरला, आणि कितीतरी दिवसांनी त्या दोघांनी लग्नाच्या तारखेविषयी बोलणं काढलं.

आठवडाभर सगळं ठीक चाललं.

मग एका सकाळी करिश्मानं पंपाचं बटण दाबलं. औषध अजून नळीतच होतं, हौदापर्यंत पोचायचं होतं. पंपाची बारीक गुणगुण फरशीवरून गेली आणि त्याबरोबर शेडमधल्या सगळ्या कातड्या एकदम शहारल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत. करिश्माचं बोट बटणावरच राहिलं. मग औषध पोचलं आणि एकेक केस खाली पडला. कुणीतरी जबरदस्तीनं झोपवल्यासारखा.

"ताई," ती हळूच म्हणाली, "अण्णांना ओळखत होत्या, आता माझी पाळी."

त्या दुपारी प्रांजलनं सगळ्यांना केंद्राच्या ओसरीवर बोलावलं. अण्णांनाही बोलावलं. औषधानं लव निजते, पण कापल्यावर ते रसायन द्रवात उतरतंच, हे विरेशनं तपासलं होतं. सावळी बंद करावी असं तिच्या मनात आहे, हे तिनं सांगितलं. फिकी कातडी वाढवता येईल, पण तिची मागणी सावळीच्या मागणीच्या जवळपासही जाणार नाही. सगळ्यांना काम पुरणार नाही.

करिश्मा उभी राहिली. "मला भीती वाटली, खरं आहे. पण ताई, बकरं कापतोच की आपण. वस्तीत कोण खात नाही? मग हिचंच काय? तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला पुण्यात नोकरी मिळेल. मी परत सात रस्त्याला जायचं का?"

प्रांजल म्हणाली, "बकरं उन्हात बसतं, करिश्मा. पाला खातं, उड्या मारतं. कुणीतरी त्याची मान खाजवतं. मग एक दिवस कापतो आपण. हिच्याकडे फक्त कातडी आहे. आणि त्या कातडीला आपण पात्याशिवाय काय दिलं?"

"पण तिला कळतं का ते?" विरेश म्हणाला. "तेच तर सिद्ध झालेलं नाही."

अण्णा खांबाला टेकून बसले होते. ते विरेशकडे न बघता बोलले. "मेलेल्या ढोराचं कातडं काढलं म्हणून लोकांनी आपल्याला लांब बसवलं. माझ्या बापाला, त्याच्या बापाला. बसलो लांब. पण मेलेल्याचंच काढलं आपण. जित्याचं कधी काढलं नाही, बाळांनो. तेवढं एक आपल्याला सांगता येत होतं."

करिश्मा खाली बसली. तिचे डोळे भरले होते, आणि ते पटल्यामुळे की काम जाणार म्हणून, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

त्या संध्याकाळी विरेश प्रांजलला म्हणाला, "तू नाही केलंस तरी कुणीतरी करणारच. तंत्र निघालंय एकदा."

"करू दे कुणीतरी."

"तो कुणीतरी मी असलो तर?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो धमकी देत नव्हता. खरंच विचारत होता. लग्न तिथंच मोडलं हे दोघांनाही कळलं.

चौकटींवर वाढत असलेल्या कातड्यांचं काय करायचं, हा प्रश्न उरला. द्रव बंद केला असता तर त्या दिवसेंदिवस सुकत गेल्या असत्या. पंप लावावा तर पंपालाच त्या घाबरत होत्या. शेवटी प्रांजलनं हौदांची ऊब हळूहळू कमी करायचं ठरवलं. गारठ्यात तंतू आपोआप मंदावतात. अण्णांना आत यायचं होतं. तिनं त्यांना नाही म्हटलं, आणि का ते सांगावं लागलं नाही. ते फाटकाबाहेर, रस्त्याच्या पलीकडच्या लिंबाखाली जाऊन बसले. त्यांच्या पावलांचा हादरा तिथून पोचला नसता.

ती अनवाणी आत गेली. ऊब उतरू लागली तसा कातड्यांवर काटा आला. थंडीचा असेल. तिनं पहिल्या सावळीवर तळहात ठेवला. हाताखालची लव निजली. हात उचलला की पुन्हा उठायची. मग तिनं हात ठेवूनच दिला. काही वेळानं बाहेरून करिश्मा आली. न बोलता तिनं दुसऱ्या चौकटीवर हात ठेवला. मग बाकीची मुलंही एकेक करून आत आली आणि आपापल्या चौकटीपाशी उभी राहिली. सगळं निवेपर्यंत कुणी हात काढला नाही.

अण्णांनी त्या कातड्या नंतर स्वतः कमावल्या. बाभूळ, हिरडा, सगळं रीतसर. मेल्यावर कातडं वाया घालवणं हा त्या जिवाचा अपमान असतो, असं ते म्हणाले. त्या विकल्या गेल्या. मागणी अर्थातच रद्द झाली. निम्मी मुलं पांगली. करिश्मा राहिली. फिकी कातडी खैराच्या काथात रंगवून ती लहान पाकिटं करायला शिकली आणि पुढं त्या कामाची प्रमुख झाली. धंदा छोटा, पण चालू राहिला.

विरेशची सावळी चाकणजवळच्या एका मोठ्या कारखान्यात वाढू लागली. तिथं माणूस लागतच नव्हता. द्रव घालणं, ताणणं, बधिर करणं, कापणं, सगळं यंत्रांकडे. जाहिरातीत लिहिलेलं असे, 'वेदनेशिवाय वाढलेलं'.

दोनेक वर्षांनी एका दुपारी त्याचा फोन आला. प्रांजल आणि अण्णा शेडच्या पायरीवर चहा घेत होते. विरेशनं आधी अण्णांची तब्येत विचारली, करिश्माची चौकशी केली. मग थांबला.

"बोल ना," ती म्हणाली.

"आमच्याकडे एक विचित्र सुरू झालंय. आम्ही पंपाचा हादरा बंद केला. यंत्रांना रबर लावलं. फरशीला काहीही कळत नाही आता. तरी शहारतात."

"कापताना?"

"नाही गं. केव्हाही. दिवसभर. सगळं बंद असलं, सुट्टी असली, शेडमध्ये चिटपाखरू नसलं तरी. कॅमेऱ्यात बघतो मी. कुणी नसतं आणि सगळी लव उभी असते. खाली बसतच नाही."

प्रांजलनं कप खाली ठेवला. "विरेश, त्यांना हात कोण लावतं?"

"म्हणजे?"

"कापायला नाही. नुसता. हात."

"कोण लावणार? म्हटलं ना, माणूसच नाही तिथं."

अण्णा तिच्याकडे बघत होते. पलीकडून विरेशचा श्वास ऐकू येत होता.

"डोळे नाहीत त्यांना," ती म्हणाली. "कान नाहीत. हादरा होता तोवर पातं कधी येतंय ते तरी कळायचं. आता कुणी नाहीये, हे त्यांना कळणार कसं?"

त्यानं फोन ठेवला नाही. तिनंही ठेवला नाही.